रक्तातला पहारा आणि ताईचा रिपोर्ट

गेल्या उन्हाळी सुट्टीत घरी पोहोचलो आणि तिसऱ्याच दिवशी बाबांनी मला पुण्याला नेले. रक्ताची तपासणी करायची होती. मी ठणठणीत होतो. तीनच आठवड्यांपूर्वी हाउससाठी क्रॉस-कंट्री धावलो होतो. तरीही रक्त घेणाऱ्या काकांपुढे हात धरताना पोटात गोळा आला. कारण ही तपासणी माझ्या दुखण्यामुळे नव्हती, ताईच्या दुखण्यामुळे होती.

ताई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. ती दहावीत असताना एका रात्रीत तिला सडकून ताप भरला, मान ताठ झाली आणि पायांवर जांभळे ठिपके उमटले. मेनिंगोकॉकस नावाच्या जिवाणूमुळे होणारा मेंदूज्वर, असे निदान झाले. या आजारात मेंदू आणि मज्जारज्जूच्या आवरणांना सूज येते आणि काही तासांत जीव जाऊ शकतो. वेळेवर प्रतिजैविके मिळाली म्हणून ताई वाचली. आजीने नवस फेडला आणि घरात सगळ्यांनी विषय संपला असे धरले. पण गेल्या वर्षी, कॉलेजच्या वसतिगृहात असताना, तिला तोच आजार दुसऱ्यांदा झाला.

या वेळी तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरबाईंनी बाबांना सांगितले, "हा आजार एकाच माणसाला दोनदा झाला, तर तो नुसता योगायोग मानून चालत नाही. तिच्या रक्तातली पूरक प्रणाली तपासायला हवी." त्या तपासणीचे नाव सीएच-५०. ताईचा आकडा जवळजवळ शून्य आला. तिच्या शरीरात या प्रणालीच्या शेवटच्या टप्प्यातले एक प्रथिन जन्मापासूनच तयार होत नव्हते. हा दोष आई आणि बाबा दोघांकडून एकेक सदोष जनुक आले तरच दिसतो. म्हणजे सख्ख्या भावंडालाही तो असण्याची शक्यता चारात एक. ते भावंड मी.

खरे सांगतो, हे फोनवर ऐकले तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो एनडीएच्या मेडिकलचा. ताईचा विचार दुसरा आला. याची मला नंतर फार लाज वाटली. रिपोर्ट यायला आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत मी पुस्तके चाळली आणि डॉक्टरबाईंना भंडावून सोडले. माझा मुख्य प्रश्न एकच होता. ताईच्या रक्तातल्या पहाऱ्याचा शेवटचा टप्पाच नाही, तरी डॉक्टर तिला मेनिंगोकॉकसची लस देणार होते. मग त्या लसीचा उपयोग काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला रोगप्रतिकाराची जी गोष्ट समजली, ती या पानावर सांगतो.

गरम केलेले सीरम

रक्त घेणाऱ्या काकांनी माझी नळी घाईने आत पाठवली होती. "याचं सीरम लगेच वेगळं करून गोठवावं लागतं. बाहेर राहिलं तर त्यातला जीव जातो," ते म्हणाले होते. हा "जीव" म्हणजे काय, हे सव्वाशे वर्षांपूर्वी ज्यूल बोर्दे या बेल्जियन डॉक्टरने शोधले.

१८९५ च्या सुमारास बोर्दे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करत होता. कॉलऱ्याचे जिवाणू टोचून प्रतिकारशक्ती आलेल्या प्राण्याचे सीरम तेच जिवाणू मारते, हे तेव्हा माहीत झाले होते. बोर्देने ते सीरम सुमारे ५५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवले. त्याची मारक शक्ती गेली. मग त्याने त्यात कधीच लस न टोचलेल्या प्राण्याचे थोडे ताजे सीरम मिसळले. एकट्याने ते ताजे सीरम काहीच करू शकत नव्हते. पण दोन्ही एकत्र येताच जिवाणू पुन्हा मरू लागले.

याचा अर्थ सीरममध्ये दोन वेगळ्या गोष्टी होत्या. एक उष्णता सोसणारी आणि विशिष्ट शत्रूला ओळखणारी, म्हणजे आज आपण जिला प्रतिपिंड किंवा अँटिबॉडी म्हणतो ती. दुसरी उष्णतेने नष्ट होणारी, सगळ्यांच्या रक्तात आधीपासून असणारी आणि पहिलीचे काम पुरे करणारी. पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने या दुसरीला "कॉम्प्लिमेंट" म्हणजे पूरक असे नाव दिले. बोर्देला १९१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

तीन वाटा, एक चौक

पूरक प्रणाली म्हणजे एक पदार्थ नव्हे. ती तीसहून अधिक प्रथिनांची साखळी आहे. त्यातली बरीचशी यकृतात तयार होतात आणि रक्तात निष्क्रिय अवस्थेत फिरत राहतात. सर्वांत जास्त असते ते सी-३ नावाचे प्रथिन, दर मिलिलीटर रक्तद्रवात साधारण १ मिलिग्रॅम.

ही साखळी तीन वाटांनी सुरू होते. पहिल्या वाटेत जिवाणूवर बसलेल्या अँटिबॉडीला सी-१-क्यू हे प्रथिन चिकटते. दुसऱ्या वाटेत जिवाणूच्या पृष्ठभागावरच्या विशिष्ट शर्करा ओळखणारी प्रथिने काम सुरू करतात. तिसरी वाट सतत थोडी उघडीच असते. सी-३ चे काही रेणू आपोआप फुटत राहतात आणि जवळ जे सापडेल त्याला चिकटू पाहतात. आपल्या पेशींवर त्यांना विझवणारी प्रथिने असतात, जिवाणूवर बहुधा नसतात. म्हणजे हा संतरी प्रत्येकाला परवलीचा शब्द विचारतो आणि ज्याला तो येत नाही त्याच्यावर कारवाई होते.

तिन्ही वाटा सी-३ च्या चौकात येऊन मिळतात. तिथे सी-३ चे दोन तुकडे होतात. मोठा तुकडा सी-३-बी जिवाणूला पक्का चिकटतो. पांढऱ्या पेशींच्या दृष्टीने ही खूणच असते: याला गिळा. छोटा तुकडा सी-३-ए सभोवती पसरतो आणि धोक्याची सूचना देतो. पुढे सी-५ चेही असेच दोन तुकडे होतात. त्यातला सी-५-ए ही सूचना आणखी जोरात देतो आणि पांढऱ्या पेशींना त्या जागी बोलावतो. सी-५-बी मात्र सी-६, सी-७, सी-८ आणि सी-९ च्या अनेक रेणूंना बरोबर घेऊन जिवाणूच्या पटलात नळीसारखे भोक पाडतो. जिवाणू फुटून मरतो.

ताईकडे नाही ते हे शेवटचे भोक पाडणारे हत्यार. बाकी सगळे आहे. आणि मेनिंगोकॉकस हा अशा थोड्या जिवाणूंपैकी आहे, की ज्यांना मारण्यासाठी शरीर या हत्यारावर फार अवलंबून असते. ज्यांची बाहेरची भिंत जाड असते अशा कित्येक जिवाणूंवर हे हत्यार मुळातच चालत नाही, त्यांना गिळूनच मारावे लागते. म्हणून ताईला बाकीचे आजार इतरांसारखेच झाले, फक्त हा एक पुन्हा पुन्हा दार ठोठावत आला. असा दोष असणाऱ्यांना हा आजार पहिल्यांदा होतो तो बहुधा किशोरवयात, सतराव्या वर्षाच्या आसपास, हे मी वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. मला सतरावे लागून दोन महिने झाले होते.

मेनिंगोकॉकसही काही कमी नाही. आपल्या पेशी पूरक प्रणालीपासून वाचतात त्याचे एक कारण फॅक्टर एच नावाचे प्रथिन. मेनिंगोकॉकस हेच फॅक्टर एच रक्तातून उचलून स्वतःच्या अंगावर लावतो. शत्रूने आपलाच गणवेश घालावा तसे हे झाले.

झाडासारखी पेशी

आता दुसरे पात्र. १८६८ साली बर्लिनमध्ये पॉल लांगरहान्स या २१ वर्षांच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने त्वचेत फांद्या फुटलेल्या पेशी पाहिल्या. त्याला त्या मज्जातंतूंच्या पेशी वाटल्या. तो अंदाज चुकीचा होता, पण त्या पेशींना त्याचे नाव राहिले. पुढे १९७३ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात राल्फ स्टाइनमन आणि झॅनव्हिल कोन यांना उंदरांच्या प्लीहेत अशाच फांद्यांच्या पेशी दिसल्या. झाडासाठीच्या ग्रीक शब्दावरून स्टाइनमनने त्यांना "डेंड्रिटिक" म्हटले. या पेशी इतक्या थोड्या असतात की त्यांना एवढे महत्त्व असेल, हे अनेक शास्त्रज्ञांना बरीच वर्षे पटत नव्हते.

डेंड्रिटिक पेशीचे काम शत्रूला मारणे हे नाही. ती त्वचा, नाक, घसा, आतडी अशा सीमेवरच्या जागांत बसते आणि आजूबाजूचे नमुने सतत आत घेत राहते. धोक्याची खूण मिळाली की ती आपली जागा सोडते आणि लसिकावाहिनीतून जवळच्या लसिका गाठीत जाते. तिथे ती आत घेतलेल्या प्रथिनांचे बारीक तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडते आणि टी पेशींना दाखवते. लाखो टी पेशींतून जिला तो तुकडा नेमका ओळखता येतो, ती जागी होते आणि वाढू लागते. तिच्यातल्या मदतनीस टी पेशी मग बी पेशींना चांगल्या अँटिबॉडी बनवायला मदत करतात. म्हणजे डेंड्रिटिक पेशी हा सीमेवरून मुख्यालयात खबर आणणारा दूत आहे.

पण नुसती खबर पुरत नाही. डेंड्रिटिक पेशीने तुकडा दाखवला आणि सोबत "हा धोका आहे" अशी जोड-सूचना दिली नाही, तर टी पेशी उलट गप्प बसायला शिकते. हेही आवश्यकच आहे. नाही तर आपल्याच शरीराच्या तुकड्यांविरुद्ध, जेवणातल्या प्रथिनांविरुद्ध रोज युद्ध पेटेल. तेव्हा खरा प्रश्न असा की, कधी उठायचे आणि कधी गप्प बसायचे, हे डेंड्रिटिक पेशीला कोण सांगते?

स्टाइनमनला या कामासाठी २०११ चे नोबेल जाहीर झाले. घोषणेच्या तीनच दिवस आधी स्वादुपिंडाच्या कर्करोगाने त्याचे निधन झाले होते आणि समितीला ते माहीत नव्हते. आजारपणात त्याने स्वतःच्याच डेंड्रिटिक पेशींवर आधारलेले प्रायोगिक उपचार घेतले होते. मरणोत्तर नोबेल देण्याचा नियम नाही, तरी समितीने ते पारितोषिक कायम ठेवले.

दोघांमधले निरोप

रोगप्रतिकाराचे दोन भाग आपण शिकतो. एक जन्मजात, झटपट आणि सरसकट. दुसरा नंतर शिकलेला, सावकाश आणि नेमका. मी आधी समजत होतो की पूरक प्रथिने पहिल्या खात्यातली, टी आणि बी पेशी दुसऱ्या खात्यातल्या, आणि दोघांचा फारसा संबंध नाही. डॉक्टरबाईंनी माझी ही समजूत काढून टाकली. डेंड्रिटिक पेशी या दोन खात्यांच्या उंबरठ्यावर उभी असते आणि पूरक प्रथिने तिच्याशी सतत बोलत असतात.

पहिला निरोप खुणेचा. ज्या जिवाणूवर सी-३-बी आणि त्याचे तुकडे चिकटलेले असतात, त्याला पकडण्यासाठी डेंड्रिटिक पेशीवर खास ग्राहक असतात. खूण केलेला माल तिच्या हाती सहज लागतो.

दुसरा निरोप धोक्याचा. सी-३-ए आणि सी-५-ए या छोट्या तुकड्यांसाठीही तिच्यावर ग्राहक असतात. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले, की डेंड्रिटिक पेशी आणि टी पेशी एकमेकींना भेटतात तेव्हा या तुकड्यांमुळे टी पेशीला उठण्याचा आणि टिकून राहण्याचा जोर मिळतो. ते तुकडे अडवले, तर प्रतिसाद मंदावतो. आणखी एक नवल म्हणजे ही प्रथिने फक्त यकृताकडूनच येतात असे नाही. डेंड्रिटिक पेशी स्वतःही सी-३ बनवते. रसद मुख्यालयातून येते, पण चौकीवरही थोडा दारूगोळा तयार होतो, असे म्हणा. २००२ साली लंडनच्या संशोधकांनी सी-३ बनवू न शकणाऱ्या उंदरांची मूत्रपिंडे दुसऱ्या उंदरांत बसवली. घेणाऱ्या उंदरांच्या रक्तात सी-३ भरपूर होते, तरीही ती मूत्रपिंडे नेहमीच्या मूत्रपिंडांपेक्षा कितीतरी जास्त दिवस टिकली. जागेवर बनणाऱ्या सी-३ चे महत्त्व त्यातून कळले.

तिसरा निरोप शांततेचा आहे, आणि मला तो सर्वांत आवडला. आपल्या शरीरात रोज असंख्य पेशी वय झाल्यामुळे मरतात. त्यांच्यावरही सी-१-क्यू आणि सी-३ चे तुकडे बसतात. पण इथे निरोप वेगळा असतो: उचला, पण गडबड करू नका. अशी पेशी गिळलेली डेंड्रिटिक पेशी शांत राहते आणि टी पेशींनाही शांत राहायला शिकवते. ज्यांच्यात जन्मतः सी-१-क्यू नसते, त्यांच्यापैकी बहुतेकांना ल्यूपस हा आजार होतो. त्यात शरीर स्वतःच्याच पेशींवर हल्ला करते. कचरा वेळेवर आणि शांतपणे उचलला गेला नाही, की त्यातूनच दंगल उसळते.

चौथा निरोप बी पेशींना. जिवाणूवर चिकटलेल्या सी-३ चा शेवटी सी-३-डी नावाचा छोटा तुकडा उरतो. बी पेशीवर त्याचा ग्राहक असतो. १९९६ साली उंदरांवर झालेल्या एका प्रयोगात कोंबडीच्या अंड्यातल्या एका प्रथिनाला सी-३-डी च्या दोन प्रती जोडल्या, तर ते प्रथिन १,००० पट कमी मात्रेतही अँटिबॉडी तयार करवू लागले. तीन प्रती जोडल्या, तर १०,००० पट. ज्याला आपण नुसते मारक रसायन समजत होतो, ते शिक्षकाचेही काम करते.

बराकीतला आजार

हे सगळे आपल्या मासिकात लिहिण्याचे आणखी एक कारण आहे. मेनिंगोकॉकस हा बराकीचा जुना शत्रू. दहातल्या साधारण एका निरोगी माणसाच्या घशात तो काही त्रास न देता राहतो. खोकला, शिंक आणि जवळचा सहवास यांतून तो पसरतो. नवीन रंगरूट देशभरातून येऊन एका छताखाली झोपू लागले, की त्याचे फावते. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश लष्करातील डॉक्टर ग्लोव्हर यांनी दाखवले, की पलंग जवळजवळ असले की घशात जिवाणू बाळगणाऱ्यांचे प्रमाण वाढते आणि पलंगांतले अंतर वाढवले की ते कमी होते. हाउस इन्स्पेक्शनच्या वेळी पलंग एका रेषेत आणि ठरल्या अंतरावर हवेत म्हणून आम्ही कुरकुरतो. त्या अंतरामागे आजारांचाही इतिहास आहे, हे मला आता कळले.

पण एकाच बराकीत, एकच जिवाणू असताना काहीच जण आजारी का पडतात? १९६९ साली गोल्डश्नायडर, गॉटश्लिख आणि आर्टेनस्टाइन या अमेरिकी लष्करी संशोधकांनी याचे उत्तर प्रसिद्ध केले. न्यू जर्सीतल्या फोर्ट डिक्सच्या प्रशिक्षण केंद्रात त्यांनी जवळजवळ १५,००० रंगरुटांचे रक्त सुरुवातीलाच घेऊन जपून ठेवले. पुढे त्यांतल्या ज्यांना मेंदूज्वर झाला, अशा ५४ जणांचे आधीचे सीरम बाहेर काढले आणि पूरक प्रथिनांच्या जोडीने ते जिवाणूंवर टाकून पाहिले. ५४ पैकी फक्त ३ जणांच्या सीरमने जिवाणू मारले. आजारी न पडलेल्या ५४० जणांपैकी मात्र ४४४ जणांच्या सीरमने मारले. अँटिबॉडी आणि पूरक प्रथिने हातात हात घालून काम करतात तिथे माणूस वाचतो, हे माणसांच्या रक्तातच दिसले. बोर्देच्या नळीतला प्रयोग बराकीत खरा ठरला. त्याच संशोधनातून पहिली परिणामकारक लस निघाली आणि १९७१ पासून ती अमेरिकी रंगरुटांना नियमित मिळू लागली.

ताईला लस कशासाठी

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. मेनिंगोकॉकसवर शर्करेच्या रेणूंचे जाड आवरण असते. जुन्या लसींत ही शर्कराच टोचत. पण डेंड्रिटिक पेशी टी पेशींना मुख्यतः प्रथिनांचे तुकडे दाखवू शकते. नुसती शर्करा घेऊन ती मुख्यालयात गेली, तरी मदतनीस टी पेशींना दाखवायला तिच्याकडे काही नसते. म्हणून जुन्या लसीचा परिणाम थोडी वर्षे टिकायचा आणि लहान बाळांत तर फारसा व्हायचाच नाही.

यावर उपाय म्हणजे संयुग्म लस. यात शर्करेला एखादे निर्धोक केलेले प्रथिन, उदाहरणार्थ धनुर्वाताच्या लसीतले, रासायनिक बंधाने जोडतात. आता डेंड्रिटिक पेशी त्या प्रथिनाचे तुकडे दाखवून मदतनीस टी पेशी तयार करते. त्या टी पेशी शर्करा ओळखणाऱ्या बी पेशींना मदत करतात. मग अँटिबॉडी चांगल्या बनतात आणि आठवणही टिकते.

या कामात महाराष्ट्राचा वाटा आहे, हे वाचून मला अभिमान वाटला. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात मेंदूज्वराच्या मोठ्या साथी येत. तिथल्या ए प्रकारासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने मेनआफ्रिव्हॅक ही संयुग्म लस बनवली, एका मात्रेला अर्ध्या डॉलरपेक्षाही कमी किमतीत. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत तिची मोहीम सुरू झाली. पुढे ३० कोटींहून जास्त लोकांना ती मिळाली आणि त्या पट्ट्यातला ए प्रकार जवळजवळ नाहीसा झाला. त्याच संस्थेच्या पाच प्रकारांविरुद्धच्या लसीला जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये मान्यता दिली आणि २०२४ मध्ये नायजेरियात ती प्रथम वापरली गेली.

पण ताईचे काय? डॉक्टरबाईंनी कागदावर साखळी काढली आणि शेवटच्या टप्प्यावर फुली मारली. "हे नाही तिच्याकडे. पण वर बघ. सी-३ आहे ना? डेंड्रिटिक पेशी आहेत ना?" लसीमुळे ताईच्या डेंड्रिटिक पेशी टी पेशींना जागे करतील. बी पेशी भरपूर अँटिबॉडी बनवतील. जिवाणू आला की अँटिबॉडी त्याच्यावर बसतील आणि सी-३-बी ची खूण दाट करतील. मग पांढऱ्या पेशी त्याला गिळतील. भोक पाडून मारता येत नसेल, तर गिळून मारायचे. एक रस्ता बंद आहे म्हणून दुसरा रुंद करायचा. लस देण्यामागे हाच विचार आहे.

हे संरक्षण पूर्ण नाही, हेही त्यांनी लपवले नाही. ताईला चार प्रकारांविरुद्धच्या लसीच्या दोन मात्रा झाल्या आहेत आणि दर पाच वर्षांनी पुन्हा घ्यायची आहे. तिच्या पर्समध्ये एक कार्ड असते. त्यावर तिचा दोष लिहिलेला आहे आणि खाली लिहिले आहे, की ताप आल्यास थांबू नका, ताबडतोब रुग्णालयात न्या.

आठव्या दिवशी

माझा रिपोर्ट आठव्या दिवशी आला. ही तपासणी कशी करतात ते तोवर मला ठाऊक झाले होते. मेंढीच्या लाल पेशींवर अँटिबॉडी बसवतात, त्यांत माझे सीरम घालतात आणि किती पातळ सीरम निम्म्या पेशी फोडू शकते ते मोजतात. माझ्या सीरमने फोडल्या. आकडा नॉर्मल होता. एखादे सदोष जनुक माझ्यातही असेल कदाचित, पण एकाने मला आजार होत नाही.

आई देवापुढे दिवा लावायला उठली. मला मात्र ताईकडे बघवेना. चारात एक ती शक्यता तिच्या वाट्याला आली आणि मी सुटलो, यात माझे कर्तृत्व काहीच नव्हते. तिनेच शेवटी माझ्या डोक्यात टपली मारली. "तोंड पाडून काय बसलास? तुझ्या मेंढ्या फुटल्या ना? मग पेढे आण," म्हणाली.

शाळेत परत आल्यावर मी हे लिहायला घेतले ते एका गोष्टीसाठी. आपल्याकडे ताप लपवण्याची खोड आहे. फायनल मॅच आहे, कॅम्प आहे, किंवा एमआय रूममध्ये गेलो तर मुले कामचुकार म्हणतील, म्हणून आपण गोळी खाऊन फॉल-इनला उभे राहतो. मीही राहिलो आहे. ताईसुद्धा दुसऱ्या खेपेला, सकाळी प्रॅक्टिकल आहे म्हणून, रात्रभर कोणाला काही न सांगता पडून राहिली होती. तिच्या खोलीतल्या मैत्रिणीने पहाटे तिच्या पायावरचे ठिपके पाहिले म्हणून ती आज आहे.

म्हणून एवढे लक्षात ठेवा. जोराचा ताप, असह्य डोकेदुखी, ताठ मान, उजेड सहन न होणे, गोंधळल्यासारखे बोलणे, आणि काचेचा ग्लास दाबून धरला तरी न मावळणारे लाल-जांभळे ठिपके. यातली लक्षणे दिसली, तर ती स्वतःची असोत की शेजारच्या पलंगावरच्या मित्राची, सकाळची वाट पाहू नका. हाउस मास्टरांना उठवा. आपल्या रक्तात सी-३ चे असंख्य रेणू रात्रंदिवस हेच करत असतात: काही वावगे दिसले की लगेच खबर देतात, आणि त्या खबरीवरच पुढचे सगळे सैन्य हलते.

आमच्या डॉर्ममध्ये माझ्या शेजारच्या पलंगावर यंदा आठवीतला एक नवा मुलगा आला आहे. परवा रात्री तो कण्हत होता. मी उठून त्याच्या कपाळाला हात लावला, त्याला मान हलवायला लावली आणि टॉर्चने पाय पाहिले. साधा सर्दीताप होता. तरी त्याला घेऊन एमआय रूममध्ये गेलो. तिथल्या नर्सिंग असिस्टंटनी घड्याळाकडे पाहिले आणि विचारले, "इतक्या रात्री?" मी म्हणालो, "हो सर, खात्री करायला आलो."